पाळणा धुताना

धाकट्या बहिणीला मुलगी झाली, त्यानंतरच्या दिवसांत मी घरात कुठे एका जागी पाच मिनिटं बसले असेन तर शपथ. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. भिंगरी पायाला नव्हती, डोक्यात होती. पण आईला ते सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तिच्याही डोक्यात तीच होती आणि ती ते कबूल करणार नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर रत्नागिरी शहराला लागून असलेल्या एका वाडीत. बाबा मुंबईला नोकरीला, घरात आई आणि मी. मी शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बाटल्या भरायच्या, द्रावणं करून ठेवायची, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांच्या काचा गोळा करायच्या आणि वर त्यांच्याकडूनच मॅडम म्हणवून घ्यायचं, असं ते काम. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं, आणि हे येताजाता कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागायचं, त्यामुळे स्वभाव जरा तिखट झाला होता. धाकटीचं मात्र सगळं वेळेवर झालं. तिला दाभोळला दिली होती. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात.

तिचं पहिलं बाळ गेलं. आठवा महिना होता. ती माहेरी यायची तयारी करत होती आणि त्याच आठवड्यात सगळं होऊन बसलं. बाळाला तिने एकदाच पाहिलं, आणि ते काळंनिळं पडलेलं होतं. हे ती माझ्याशी कधी बोलली नाही. आईने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, खाली मान घालून.

त्यामुळे दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा आम्ही तिघी घरात मांजरासारख्या वावरत होतो. आमच्याकडे मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी घरात काही आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, दुपट्यासाठी जुनं लुगडंसुद्धा फाडायचं नाही. एरवी मी ह्या रीतीवर आईशी तासभर भांडले असते. त्या वेळी एक शब्द काढला नाही. मुलगी सुखरूप झाली, जोरात रडली, आणि मग एकदम सगळ्यांना सगळं आठवलं. झबली, तेल, वेखंड, शेक द्यायला निखारे, आणि पाळणा.

वाडीत पाळणा एकच होता. फणसाच्या लाकडाचा, चारी बाजूंनी कातीव दांड्यांचा कठडा असलेला, आढ्याला टांगायचा. कुठल्या पिढीत कुणी करून घेतला ते कुणाला सांगता येत नव्हतं. ज्या घरी मूल होईल तिथे तो जायचा आणि पुढचं मूल होईपर्यंत त्याच घरी राहायचा. सांभाळणं त्या घराकडे. आम्ही दोघी बहिणी त्याच पाळण्यात वाढलो, शेजारची सगळी पोरं त्याच पाळण्यात वाढली. त्याला नाही म्हणून दुसरीकडून पाळणा आणणं म्हणजे वाडीशी उभा दावा मांडणं.

तर तो आला. ज्या घरी होता त्यांनी तो गोठ्याच्या माळ्यावर लोखंडी तारेने टांगून ठेवला होता. वरचं कौल सरकलेलं. पावसाळाभर गंजक्या तारेवरून पाणी ओघळून पाळण्यावर उतरत राहिलं. फणसाचं लाकूड जुनं झालं की मधासारखं पिवळं दिसतं. त्या पिवळ्यावर काळेनिळे ओघळ पडले होते, आणि तळाच्या फळीवर, बरोबर जिथे मूल निजायचं तिथे, एक मोठा काळा डाग.

बहीण खोलीतून उठून दारापर्यंत आली. तिने पाळण्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं, आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

"त्यात नको," एवढंच म्हणाली.

आई हट्टाने कामाला लागली. चिंच लावून घासलं, राख लावून घासलं, नारळाच्या सोडणाने घासघास घासलं. वरचा मळ निघाला, डाग उलट जास्तच उठून दिसायला लागला. मी ओसरीवरून फेऱ्या मारत बघत होते. तो मळ नव्हताच. लाकडात तुरट अंश असतो, त्याला ओलाव्यात लोखंड भेटलं की काळी शाई होते. ती शाई लाकडाच्या आत उतरलेली होती, घासून जाणार कशी? हे सगळं मी आईला ऐकवलं.

"ह्यावर औषध आहे," मी म्हटलं. "ऑक्झॅलिक ॲसिड."

"ॲसिड?" आईने हातातलं सोडण खाली ठेवलं. "पोराच्या पाळण्याला?"

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मी थांबायला हवं होतं, निदान बसून विचार करायला हवा होता. पण मला बसणं जमत नव्हतं. बहिणीची भिंतीकडे वळलेली पाठ मला दिसत होती. बारसं बाराव्या दिवशी, पाळण्याशिवाय बारसं होत नाही, आणि ती त्या पाळण्यात मुलीला ठेवणार नाही हे मला स्वच्छ कळलं होतं. मी चपला घातल्या आणि बाजारात गेले.

फरशी पॉलिश करणारे लोक हे ॲसिड वापरतात, त्यामुळे रंगाच्या दुकानात ते मिळायचं. पांढरी, चमकदार खडी. दिसायला थेट साखर. मला हे ॲसिड चांगलं माहीत होतं, प्रयोगशाळेत रोज त्याची द्रावणं करायची मी. पोटात गेलं तर विष आहे हेही माहीत होतं. घरी येईपर्यंत मी ती पुडी पिशवीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवत राहिले. स्वयंपाकघरात ती न्यायचीच नाही असं मनाशी ठरवलं, पिठाच्या जुन्या डब्यावर लाल अक्षरांत विष असं लिहिलं, पुडी त्यात घातली आणि डबा न्हाणीच्या वरच्या फळीवर ठेवला. ठेवल्यावर दर थोड्या वेळाने जाऊन तो तिथेच आहे ना ते बघून येत होते.

काम मागीलदारी उघड्यावर केलं, वारा पाठीशी घेऊन. आधी पाळण्याच्या लोखंडी कड्या काढल्या, नाहीतर ज्या लोखंडाने डाग पडला तेच पुन्हा भिनायचं. हातात रबरी मोजे, नाकातोंडाला ओला फडका, डोळ्यांवर चष्मा. प्लास्टिकची बादली घेतली. आईने पितळी घंगाळ पुढे केलं होतं. ते मी परत पाठवलं आणि वर दोन शब्दही ऐकवले. ॲसिडाला धातूचं भांडं चालत नाही. बादलीत गरम पाणी, त्यात खडी हळूहळू सोडायची आणि लाकडाच्या काठीने ढवळायचं.

आणि ह्या सगळ्याच्या मध्ये आईने एक नारळ आणून पाळण्यात ठेवला.

"हे काय?"

"रिकामा पाळणा हलवू नये गो."

"अगं, मी हलवत नाहीय, धुतेय."

"धुताना हलतो तो. ऱ्हावदे नारळ."

ॲसिड लावलेल्या पाळण्यात खायचा नारळ. मी तो उचलून बाजूला ठेवला. तिने परत आत ठेवला. शेवटी तो नारळ कुणी फोडायचा नाही, काम संपल्यावर खड्ड्यात पुरायचा, ह्यावर तह झाला. माझं लक्ष मात्र त्या नारळावरून हटेना. आई विसरून तो चटणीला घेईल अशी धास्ती लागून राहिली.

द्रावण फडक्याने डागांवर लावलं आणि वाट बघितली. तसा डाग विरायला लागला. आधी कडा तपकिरी झाल्या, मग मधला काळा भाग राखाडी, मग फिका. दुपारपर्यंत ओघळ गेले. तळाचा मोठा डाग द्रावणाचा दुसरा हात दिल्यावर गेला. पिवळं लाकूड वर आलं, मी लहानपणी पाहिलं होतं तसं. आई बाजूला उभी होती, तिने आत जाऊन बहिणीला बोलावून आणलं. बहीण दाराची चौकट धरून बघत राहिली.

"गेला की गो," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला फार दिवसांनी जीव ऐकू आला.

इथे माझं काम संपायला हवं होतं. इथून माझी खरी झोप उडाली.

डाग गेला, पण ॲसिड? ते लाकडात मुरलं होतं. मी भरपूर पाण्याने धुतलं, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं, पुन्हा धुतलं. धुतलेलं पाणी विहिरीकडे जाऊ नये म्हणून लांब खड्डा खणून त्यात चुना टाकला होता, सगळं त्यात ओतलं. आंबटपणा सोड्याने मरतो, विष मरत नाही, ते फक्त पाण्याबरोबर वाहून जातं, हे मला माहीत होतं. जरा कमी माहीत असतं तर बरं झालं असतं. सगळं वाहून गेलं हे कळायचं कसं? उद्या मूल पालथं पडेल, कठड्याला तोंड लावेल, दात शिवशिवले की दांडी चावेल. ज्या घरातून एक मूल गेलं तिथे मी स्वतःच्या हाताने विष आणलं होतं, आणि तेही पाळण्यात. आईने विचारलं होतं, पोराच्या पाळण्याला? हा प्रश्न आता मला ताटावर बसलं की ऐकू यायचा.

मग मला युक्ती सुचली. विहिरीत टाकायला लाल औषध घरात असायचंच, पोटॅशियम परमँगनेट. प्रयोगशाळेत ऑक्झॅलिक ॲसिड मोजायला आम्ही तेच वापरायचो. त्याचं गुलाबी पाणी ॲसिडात टाकलं की रंग जातो. ॲसिड संपलं की रंग टिकतो. पाळणा शेवटचा धुतलेलं पाणी एका काचेच्या पेल्यात घेतलं, कोमट केलं, त्यात गुलाबी थेंब टाकला. रंग गेला.

परत धुतलं. परत थेंब टाकला. परत रंग गेला.

मी पाळणा धुवत सुटले. कॉलेजातून आले की पदर खोचायचा आणि विहिरीवर. विहिरीचं पाणी शेंदून शेंदून तळव्यांची सालं निघाली. सकाळी निघण्याआधी धुवायचा, आल्यावर धुवायचा, आणि प्रत्येक वेळी पेल्यातला गुलाबी रंग माझ्या डोळ्यांदेखत फिका पडत पिवळट व्हायचा. प्रयोगशाळेत तो जातो तेव्हा खाली पाण्यासारखं स्वच्छ राहतं. इथे पिवळट राहत होतं. हा फरक डोळ्यांना दिसत होता, डोक्यात शिरत नव्हता. लाकूड फुगून कठड्याची एक दांडी खोबणीत करकरायला लागली.

"विहीर आटवशील बाय," आई म्हणाली. "बारसं तोंडावर आलं. पाळणा सुकायचा कधी?"

"सुकेल तेव्हा सुकेल."

"लोकांना काय सांगू? मावशी धुतेय म्हणून?"

"हो, तसंच सांग."

मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. मुलगी रडली की धावत जायचं, नाही रडली की वाकून तिचा श्वास बघायचा. अजून तिला पाळण्याचा वारासुद्धा लागलेला नव्हता, तरी मी तिच्या ओठांचा रंग बघत होते.

बहीण हे सगळं खोलीच्या खिडकीतून बघत होती. मी पेला घेऊन खिडकीखाली उभी होते आणि पुन्हा एकदा तोच पिवळट रंग बघत होते, तेव्हा ती वरून म्हणाली,

"ताई, तुझं ते गुलाबी पाणी कशातपण टाकलंस तरी त्याचा रंग जाईल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला काय कळायचंय? माझ्या काढ्यात टाकून बघ, जातो की नाही."

तिने बाळंतकाढ्याची वाटी खिडकीतून खाली दिली. तिला तो काढा प्यायचा नव्हता, एवढंच त्यात होतं, हे मला आजही ठाम वाटतं. मी तिला गप्प करायला म्हणून चमचाभर काढा वेगळ्या पेल्यात घेतला, पाणी घालून फिका केला आणि थेंब टाकला. रंग गेला. दुसरा टाकला, तोही गेला.

मी तशीच आत गेले. जेवायला बसायचा एक जुना पाट उचलला, तोही फणसाचाच, आणि त्याला ॲसिडाचं बोटही लागलेलं नव्हतं. विहिरीवर नेऊन त्यावर कोमट पाणी ओतलं, ते पेल्यात धरलं, आणि थेंब टाकला. गुलाबी रंग फिका पडत पिवळट झाला. पाळण्याच्या पाण्यात जसा होत होता, अगदी तसा.

लाकडातला तुरट अंश. ज्याने डाग पडला होता तोच रंग खात होता. मी आईला ज्याच्यावर भाषण दिलं होतं तेच विसरून मी स्वतः इतके दिवस फणसाच्या लाकडातून फणसाचं लाकूड धुऊन काढायला निघाले होते. मी मग दोन्ही पाणी शेजारी शेजारी ठेवून थेंब मोजून बघितले. पाटाने जितके थेंब खाल्ले तितकेच पाळण्याने खाल्ले. म्हणजे पाळण्यात आता लाकडाशिवाय काही उरलं नव्हतं. कदाचित कधीचंच उरलं नव्हतं.

हसू यायला हवं होतं. बहीण खिडकीत हसत होती, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र विहिरीच्या कठड्यावर बसून रडू आलं. इतके दिवस मला वाटत होतं की कधीतरी पेल्यातला रंग टिकेल आणि त्या रंगाकडे बोट दाखवून मी सुटेन. आता दोन पेल्यांची बरोबरी हातात होती. प्रयोगवहीत ती बिनचूक ठरली असती, माझ्या जिवाला पुरत नव्हती. पाळणा सावलीत सुकायला ठेवला आणि तिथे पुन्हा पुन्हा जाऊन त्याच्यावरून हात फिरवत राहिले.

बारशाला वाडी लोटली. दाभोळहून बहिणीची सासू आणि नणंद एस.टी.ने आल्या. पाळणा माजघरात टांगला होता, झेंडूच्या माळा सोडलेल्या, तळाला मऊ गोधडी. ज्यांच्या गोठ्यात तो काळा पडला होता ती बाई त्याच्याकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे असाच ठेवला होता हो नीट." मी तोंड उघडलं, आईने माझा दंड दाबला, मी तोंड मिटलं.

मी गर्दीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. तिथून पाळणा दिसत होता आणि पळून जायला मागचं दारही होतं. आमच्यात बाळाला पाळण्यात ठेवायचा आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नणंद नवी पैठणी नेसून पाळण्याशी उभी होती. बायकांनी गाणं धरलं. बहीण मुलीला घेऊन पाळण्यापाशी आली आणि थांबली.

ती खाली बघत होती, त्या जागेकडे जिथे डाग होता. गाणं एका कडव्यावर अडखळलं. तिला नाही जमायचं, मला वाटलं, डाग गेला तरी तिला तो दिसतोय. किंवा तिला माझ्या ॲसिडाचं भय वाटतंय आणि ती चारचौघांत बोलत नाहीय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ते माझ्याकडेच येत होतं.

तिने मान वर केली आणि बायकांच्या डोक्यांवरून मला शोधलं.

"नाव आत्याच सांगेल," ती नणंदेला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "पण पाळण्यात हिची मावशी ठेवील."

कुजबुज झाली. सासूने आईकडे पाहिलं, आईने जमिनीकडे. नणंद भली बाई, तिने क्षणभर विचार केला आणि बाजूला सरकली. मी पुढे गेले. वाट कुणी करून दिली की मीच बायकांना ढकललं, ते आता आठवत नाही.

"मला नाही जमणार," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"तुला भीती वाटते ना?" ती म्हणाली. "मलापण वाटते. मग तूच ठेव."

तिने मुलगी माझ्या हातावर दिली. माझे हात मोजे घालूनही त्या दिवसांत चिरफाळून गेले होते, दुपट्याचे धागे त्यांत अडकत होते. मी वाकले. पाळणा किंचित हलला, तो कुणीतरी धरला. मी तिला गोधडीवर ठेवलं आणि हात काढून घ्यायला मला फार वेळ लागला, इतका की बायका गायच्या थांबल्या. मुलीने अंग वेडंवाकडं केलं, तोंड फिरवलं, आणि सरकत जाऊन तिचा गाल कठड्याच्या उघड्या दांडीला टेकला. ओठ लाकडावर. तिथेच ती चुटुचुटु करत झोपली.

बहीण माझ्याकडे बघत होती. मी मुलीला हलवलं नाही.